दादा, ओळ गाळू नको

मालवण, ४ फेब्रुवारी १९६२

माय, इथूनच तुझ्या पाया पडते.

दादा, मायले पत्र तूच वाचून दाखवतो. मागच्या पत्रातला समुद्र तू गाळला, हे वहिनीनं कळवलं. आता गाळू नको.

माय, दवाखान्यातली पाळी संपली की मी काष्टा खोचून समुद्रात फळीवर पालथी पडते. लाट मले उचलून थेट काठावर आणते. पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं होतं, आता जात नाही. मग घरमालकीण भातावर बांगड्याचं कालवण वाढते. आपल्या घरी चालत नाही, मी मागून खाते.

तुझा गुडघा कसा आहे? हिवरखेडले येईन, पण बदली मागणार नाही.

दादा, खाली लाटेवरची मी अन् ताटातली मासोळी काढली आहे. मायले वाचता येत नाही, पण दिसते. तिनं इचारलं, तर काय सांगशील?

तुमची हट्टी कौसल्या