दुबई पाहून आलेली नणंद

४ मे
सासूनं आजही शेगडी पेटवली. बाहेर आग पडून राहिली अन् आत शेगडी! बाळंतिणीले शेक पाहिजे म्हणे. दार बंद, खिडकी बंद, वरतं स्लॅब. पोट्टा लालभडक झाला. रडते, रडते, मंग चूप होते. चूप झाला का मले भेव वाटते.

५ मे
नणंद आली, रुचिता. कॉलेजात होती तवा दुबईले गेली होती — जगातल्या साऱ्या देशाइचे लोक हवामानावर बोलाले बसले होते, तिथं. गळ्यात कार्ड घातलेला तिचा फोटो सासूनं बाबासाहेबाच्या फोटोच्या बाजूले लावला. तिच्यासंगचे कोणी दिल्लीत, कोणी परदेशात. अन् हे पोरगी? गावोगाव लोकाइच्या घरातली गरमी मोजते! भितीले यंत्र टांगलं. म्हणे, "वहिनी, बेचाळीस."
माहीत हाये ना मले! मीच शिजून राहिली.

६ मे
मायलेकीचं भांडण.
"मी शेकलं, माह्या मायनं शेकलं, कोणी मेलं नाही."
"आई, तवा कवेलूचं छप्पर होतं. आता स्लॅब हाये."
मागची मातीची खोली थंडगार हाये. पण तिथं बियाण्याचं धान. गरमीनं खराब होते म्हून! अन् मले पक्की खोली, नव्या सुनेचा मान म्हून. धान सावलीत, लेकरू भट्टीत. काय म्हणाव बाप्पा!
आमचे हे म्हणे, "तुमचं तुमी पाहा." चालले बाहेर.

८ मे
रुचिताले दिल्लीची नोकरी आली. मोठी. सासूनं पेढे वाटले. अन् हे पोरगी म्हणते, नाही जात!
मले रागच आला. "इतक्या दूर कायले गेली होती वो? भितीवर यंत्र टांगाले?"
म्हणे, "वहिनी, तिथं रातभर दोन शब्दावर भांडले सारे. एसीत मी स्वेटर घालून बसली होती. सकाळी टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. उन्हाळ्यात घरी आली तं आई शेजारच्या बाळंतिणीची शेगडी पेटवून राहिली होती."
मंग म्हणे, "मले आईले शेगडीची एक गोष्ट सांगता नाही आली."

१० मे
पोट्टा दूध ओढेना! डोये अर्धे उघडे. मी बोंबलली. रुचितानं उचलला, धानाच्या खोलीत नेला, ओल्या फडक्यानं पुसला. मी शेगडीवर गुंडभर पाणी ओतलं. मंग दवाखान्यात नेला, सासूही आली.
दवाखान्यातली बाई सासूले म्हणे, "लेकरू भाजता का?"
संध्याकाळी पोट्टा दूध प्याला. मी लय रडली.

११ मे
आता धानाच्या पोत्याच्या बाजूले आमची जागा. सासू बोलत नाही कोणासंग.
रुचिता म्हणे, "घरातच नाही जमलं तं गावात काय जमन? दिल्लीले हो म्हणून देते."
मीच जा म्हणत होती. आता मलेच भेव. पुढचा उन्हाळा हायेच ना!

१२ मे
रुचिता बॅग भरून राहिली. यंत्र काढाले गेली तं भितीवर नुसता खिळा.
शेजारच्या कौशल्याबाईची सून बाळंत झाली, सासू सकाळपासून तिकडंच. आत्ता सासूचा आवाज आला, भितीपल्याडून —
"शेगडी बाहेर काढ वो पह्यले! हे पाह्य, किती दाखवते!"