तांब्याचा स्फटिक आणि माझी दहा मिनिटं

१६ जानेवारी
सोलापूरची गड्ड्याची जत्रा झाली. आता शिस्त. पीएचडीचं हे सहावं वर्ष, मुदतीतलं शेवटचं. सहावं म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, पण भक्कम कामाला वेळ लागतोच. आज नोटीस लागली. आठ फेब्रुवारीला आमच्या विभागात तरुण असेंद्रिय रसायनशास्त्रज्ञांचा संशोधन सेमिनार. प्रत्येकाला दहा मिनिटं. पुण्याहून एक मोठ्या मॅडम येणार आणि त्यांच्या लॅबमध्ये प्रोजेक्टची एक जागा रिकामी आहे. आमचे गाइड महेश्वर सर हे सगळ्यांसमोर बोलले, पण बोलताना माझ्याकडेच बघत होते. (माझ्या मागे घड्याळ आहे. तरीही.)
संकल्प: पहाटे उठणे. इंग्रजीत बोलण्याचा सराव. भजी बंद.

१७ जानेवारी
नऊला उठलो. थंडी.
मैंदर्गीहून अप्पांचा फोन. पहिलं वाक्य नेहमीचं, ऊट आय्ता? म्हणजे जेवलास का. दुसरंही नेहमीचं, संपलं का रे बसू तुझं? (बसू म्हणजे मी, बसवेश.) सेमिनारचं सांगितलं. अप्पा म्हणाले, सगळं जग सेंद्रिय करायलंय, आन् तूच एकटा असेंद्रिय का धरून बसलास? म्हणालो, अप्पा, हे शेतीचं नाही, ही रसायनशास्त्राची शाखा आहे. धातूंची. म्हणाले, बरं बरं, पण जमलं तर सेंद्रियचं बघ की.

२० जानेवारी
ऐतिहासिक दिवस! बीकरमध्ये स्फटिक!! हिरवट निळे, तांदळाएवढे, चकचकीत. तांब्याच्या अणूला खेकड्यासारखा धरून ठेवणारा एक रेणू मी स्वतः बनवलाय. त्याला लिगँड म्हणतात. दोन वर्षं त्या दोघांना एकत्र आणतोय. शेवटी लग्न लागलं.
वैजयंती बघायला आली. लॅबमधली ज्युनियर, जेऊरची. म्हणाली, दादा, लई सुंदर आहेत, पण हे कॉपर ॲसिटेटच नसेल ना? म्हणजे ज्या बाटलीतून मी सुरुवात केली तेच परत खाली बसलंय, असं म्हणणं. मी हसलो. दुसऱ्या वर्षाची मुलगी, शंका घ्यायचंच वय. तिची स्वतःची एक रिॲक्शन जमलेली नाही. म्हणाली, पाठवायच्या आधी आयआर तरी काढून बघा, आत लिगँड आहे का ते लगेच कळेल. मशीनला रांग असते. आणि खात्री असताना तपासायचं कशाला?
एक स्फटिक एक्स-रेसाठी बाहेर पाठवला.

२३ जानेवारी
सेमिनारच्या कमिट्या झाल्या. सरांनी मला फ्लेक्स दिला. वैजयंतीला फक्त पाहुण्यांची राहायची सोय. फ्लेक्स म्हणजे सेमिनारचा चेहरा. सरांचा विश्वास आहे.

२८ जानेवारी
भजी खाल्ली. शेवटची.
अव्वाला, म्हणजे आईला, फोनवर सहज म्हणालो, पुण्याला जावं लागेल असं दिसतंय. संध्याकाळपर्यंत अर्ध्या मैंदर्गीचे अभिनंदनाचे मेसेज. अव्वाला थांबवायला हवं होतं. पण खोटं थोडंच आहे, आगाऊ आहे एवढंच.

४ फेब्रुवारी
एक्स-रेवाल्यांचा मेल. पूर्ण मोजणी केली नाही म्हणे. स्फटिक आधीच माहीत असलेल्या पदार्थाशी जुळतो. कॉपर ॲसिटेट.
मशीन जुनं असणार.

५ फेब्रुवारी
किंवा चुकून दुसऱ्याचं सँपल मोजलं असणार.
वैजयंतीला दाखवलं. मी सांगितलं होतं, असं म्हणाली नाही, हे तिचं चांगलं. मग म्हणाली, दादा, हेच सांगा की सेमिनारमध्ये. मी तर माझ्या फसलेल्या सगळ्या रिॲक्शन सांगणारे, कुठं आणि का फसल्या ते. मला तिची दया आली. पुण्याच्या मॅडमसमोर कुणी असं करतं का? मी माझ्या भाषणात स्फटिकाचा फोटो ठेवला. मेल ठेवला नाही. फोटो फार छान आलाय.

६ फेब्रुवारी
गेटवर फ्लेक्स चढवला. फोटो काढून स्टेटसला टाकला. सर आले, वर बघत उभे राहिले. मग शांतपणे म्हणाले, बसवेश, 'अ' कुठं गेला?
फ्लेक्सवर तो सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञांचा सेमिनार झाला होता. छापणाऱ्याने आधी नमुना पाठवला होता आणि मी नीट न वाचता वर केलेला अंगठा पाठवला होता. आता नवा छापायला वेळ नाही. वैजयंतीने मार्करने कागदावर 'अ' काढून चिकटवला. लांबून कळत नाही. जवळून कळतं.

७ फेब्रुवारी
अप्पांचा फोन. आवाजच वेगळा. स्टेटस बघितला म्हणाले. शेवटी ऐकलंस बसू. उद्या मी आणि तुझी अव्वा येतोय.
सांगणार होतो. पण किती वर्षांनी असा आवाज ऐकला.

८ फेब्रुवारी
अप्पा टोपी, नवं धोतर. अव्वाने कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणलेली, सगळ्या विभागाला पुरेल एवढी. दोघं पहिल्या रांगेत.
माझी दहा मिनिटं चांगली गेली. फोटो आला तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. मग पुण्याच्या मॅडमनी हात वर केला. अगदी प्रेमाने विचारलं, स्फटिक सुंदर आहे, पण यात तुमचा लिगँड आहे, हे कशावरून?
मी स्क्रीनकडे बघितलं. बघत राहिलो. सर खाली मान घालून पेनचं टोपण काढत-लावत होते. अप्पांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकटेच. अव्वाने हात धरला तेव्हा थांबले.
वैजयंतीने तिच्या फसलेल्या रिॲक्शन सांगितल्या. मॅडमनी वही काढली. दहाऐवजी बराच वेळ बोलणं चाललं. जेवताना तिला बाजूला बोलावून जागेचं विचारलं. ती माझ्याकडे बघत होती. मागे घड्याळ नव्हतं. मी अंगठा वर केला.
अप्पा-अव्वाला स्टँडवर सोडायला गेलो. मैंदर्गीकडे जायला अक्कलकोटची गाडी लागायची होती. अप्पा म्हणाले, त्या बाईंचा प्रश्न लई अवघड होता काय रे?
नाही म्हणालो. सोपा होता.
अप्पांनी मान हलवली. मग म्हणाले, सेंद्रिय न्हवतंच की ते. व्हय ना?
व्हय म्हणालो. गाडी लागली. अव्वा खिडकीतून म्हणाली, भाकरी राहिलीय, उद्या खा.

१५ फेब्रुवारी
वैजयंती पुण्याला गेली. जाताना पाया पडली. मोठी हो म्हणालो. आशीर्वाद देणारा मीच.

२० फेब्रुवारी
पीएचडीची मुदत आज संपली. सरांनी वाढवून मागितली होती, मिळाली नाही. सर म्हणाले, मी प्रयत्न केला रे. नवा मुलगा आलाय, अजिंक्य. टेबल त्याला द्यायचंय. बीकर धुऊन पालथे ठेवले. नव्याने सुरुवात करायला मोकळा झालो, असं लिहिणार होतो.

२४ फेब्रुवारी
ॲप्रन आणायला गेलो होतो. दार बंद. सर रजेवर. गेटवर नवा वॉचमन, मला ओळखत नाही. कुणाकडं काम हाय म्हणाला. एकेक नाव आठवून बघितलं. कुणाकडं न्हाय म्हणालो.
मग ऊन लई हाय, हितं सावलीत बसा म्हणाला. बसलो.