सुलभाने ठेवलेली नावं

२२ सप्टें., सोम. घटस्थापना. देवास.
लॅपटॉप आज पुन्हा मधेच बंद. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. निनाद म्हणाला, "बाबा, अब इसका टाइम आ गया. सगळं उडवून नवीन टाकावं लागेल." मुलगा या कामातला, त्याचं खरं असणार. टाक म्हटलं. मग आठवलं, सुलभाचे बुकमार्क त्यातच आहेत.

२४, बुध.
दुपारभर तेच वाचले. सुलभा फेब्रुवारीत गेली. तिच्या हातचं मराठी एवढंच उरलंय. एखादं पान आवडलं की ठेवायची, पण साइटचं नाव खोडून आपलं नाव द्यायची.
"चकली. मोहन कमीच."
"ही रांगोळी निनादच्या लग्नात. (लग्न केलं तर.)"
"गुडघे. हे व्यायाम हे काही करणार नाहीत."
"रडू आलं तर..." पुढे बरंच लांब होतं. ते गाणं मी लावलं नाही.
हसलो. मग नाही हसलो.

२७, शनि.
निनादने शिकवलं. सगळे बुकमार्क एका फाइलमध्ये निघतात. लाल पेन ड्राइव्हवर घेतले. "एक कॉपी और रख लो, बाबा. मेल करून टाका." धारहून आल्यावर करू म्हटलं. एवढी काय घाई.

३०, मंगळ. अष्टमी. धार.
बसने आलो, दादांकडे. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात. वाटेत चारदा चाचपला. वहिनींनी पुरण घातलं. सु.च्या नावाचं पान वेगळं वाढलं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
पाटावर दादांची कात्री, वहिनींची विळी. दरवर्षी माझा कारखान्यातला पाना असायचा. यंदा रिटायर, हात रिकामे. मग पेन ड्राइव्ह ठेवला. दादा म्हणाले, "हे कसलं रे शस्त्र?" वहिनींनी मात्र त्यालाही हळदकुंकू लावलं, वर झेंडू. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सु.ची पूजा झाल्यासारखी.
संध्याकाळी निनादचा फोन. "दुकानवाला भिया लॅपटॉप आजच करून देतोय, कल दुकान बंद है. बैकअप आपके पास है ना?"
"डोळ्यांसमोर आहे."
"तो अभी मेल कर दो एक बार, दादाकाकांच्या कॉम्प्युटरवरून."
"पूजेला लावलेली वस्तू दसऱ्याआधी उचलत नाहीत रे."
"ठीक है, मग करायला सांगतो."
सांग म्हटलं. मीच म्हटलं.

२, गुरु. दसरा.
सकाळी दादांबरोबर अमझेऱ्याला देवीला गेलो. परत येतो तो पाट पुसून भिंतीला उभा. विळी ओट्यावर, कात्री खुंटीला. वहिनींनी उत्तरपूजा करून निर्माल्य गुंडाळून तळ्याकाठच्या कुंडात टाकलं होतं. झेंडूखालचं त्यांना दिसलंच नाही. "अगंबाई, तो लाल तुकडा? तो फुलांतच गेला असेल हो भावजी."
त्यांच्यावर रागावणार कसा? पूजेतली फुलं उचलायची नाहीत तर काय करायचं?
सोनं वाटायला लोक आले. दिलं, घेतलं.

४, शनि. धार.
दसऱ्यालाच धावत गेलो होतो, कुंड रिकामं. ट्रॅक्टर आधीच घेऊन गेला. निर्माल्याचं खत करतात, गावाबाहेर खड्डे आहेत. काल आणि आज तिथेच. दादा या वयात काठीने फुलं उपसत होते. मीही उपसली. सगळा झेंडू, सगळा कुजका. वहिनी दसऱ्यापासून नीट जेवलेल्या नाहीत. "जाऊ द्या वहिनी, पेन ड्राइव्हच तो," म्हटलं. इतकं खोटं मी आयुष्यात बोललो नसेन.

६, सोम. कोजागरी. देवास.
लॅपटॉप नव्यासारखा पळतोय. चीड येते बघून. निनाद तो घेऊन इंदूरला जाऊन आला. गेलेलं परत काढणारा एक आहे तिथे. तो म्हणाला, "ऊपर से नया भर दिया है भिया, उम्मीद मत रखो." सु.ने ऑनलाइन खातं कधी जोडलं नव्हतं. पासवर्डची धास्ती.
निनाद: "बाबा, लिंक तो सब फिर से मिल जाएँगी. मी शोधून देतो."
ओरडलो त्याच्यावर. पानं मिळतील रे. नावं कुठून आणशील?
पोरगा हिंदी शाळेत घातला आम्हीच, मराठी अडखळत वाचतो. आईचे बुकमार्क त्याने कधी वाचलेच नव्हते. आता वाचले असते, म्हणाला. दूध तसंच राहिलं.

९, गुरु.
आठवतील तेवढी नावं आठवून पाहिली. चकली, रांगोळी, गुडघे. बाकी धुकं. "रडू आलं तर" च्या पुढे काय होतं? गाणं कोणतं होतं? तेव्हा लावलं असतं तर.

१२, रवि.
निनादने गुडघ्यांचं पान शोधून काढलं. तेच आहे, निळ्या चटईवरची बाई. बुकमार्कच्या नावाच्या चौकटीत साइटचंच नाव: "घुटनों के दर्द का आसान इलाज". ते मी खोडलं. सु.चं वाक्य लिहायला गेलो, पण माझ्या बोटांनी ते माझंच दिसायला लागलं. तेही खोडलं.
मग सतरंजी घातली आणि पहिला व्यायाम केला. दुखलं. पण केला. तिला खोटं पाडलं आणि सांगायला कोणी नाही.
निनाद दारातून बघत होता. "सेव करूँ, बाबा?"
थांब म्हटलं. चौकट अजून रिकामीच आहे.