एक लावा, दिवसभर विसरा

७ एप्रिल २०१६, गुरुवार. विष्णुपुरी, माहेरी
बाळी सात दिवसांची. टाके ओढतात, बसवत नाही. आईने तिची आणखी एक सुती साडी फाडली, बाळोत्यांचा ढीग आता माझ्या उशीएवढा झालाय.

दुपारी मन्मथ आला लातूरहून. यापुढे नुसता म. पूर्ण नाव लिहावं असं त्याने आज काही केलेलं नाही. पहिल्यांदा लेक बघायला आला आणि हातात काय, तर डायपरचे दोन पुडे. त्याच्याच मेडिकलमधले. नवी कंपनी आहे, एजंटने सँपल दिलंय, घालून बघ. आई म्हणाली, "सात दिवसांच्या लेकराला पिलास्टिक कशाला?" तर म्हणे, "आई, लातुरात प्यायला पाणी न्हाई अन् तुमी बाळोती धुवून राहिल्यात."

मग स्वतःच लावला. आधी उलटा, मग सुलटा. मग मोबाइलवर फोटोच फोटो. एकात बाळी हसली. गॅस असणार. स्वारी खूश होऊन संध्याकाळच्या गाडीने परत. लेकीला मांडीवर घेतलं ते फोटोपुरतं.

१० एप्रिल, रविवार
संताप. लिहिताना अक्षर वाकडं येतंय.

सकाळी नणंदेचा, वैजयंताचा, निलंग्याहून फोन. कशी आहेस नाही, बाळ कसं आहे नाही. "वैनी, नाव ठेवलंत म्हने. मला सांगायचं तरी हुतं." मला काही कळेना. तिने फोटो पाठवला. म.च्या मेडिकलवर फ्लेक्स. दुकानाच्या रुंदीचा. त्यावर माझी लेक, उघडी, नुसत्या डायपरवर. मागे धबधबा. लातुरात धबधबा. वर लाल अक्षरात: 'एक लावा, दिवसभर विसरा! पाणी वाचवा!' आणि खाली: 'कु. शांभवी हिची पहिली पसंती'.

शांभवी. बारशाला अजून दोन दिवस आहेत. नाव आत्याने पाळण्यात वाकून कानात सांगायचं, तोवर घरातसुद्धा उच्चारायचं नाही. आम्ही दोघांनी ठरवलेलं, दोघांतच होतं. ते पहिल्यांदा ऐकलं कुणी, तर फ्लेक्सवाल्याने.

फोन केला म.ला. "अगं, फ्लेक्सवाला म्हनला नाव टाका. नावाबिगर फोटो हरवलेल्या पोराच्या जाहिरातीवानी दिसतो." हे त्याचं उत्तर. वर "लई गिऱ्हाईक विचारून राहिलंय" हेही.

हरवलेल्या पोराची जाहिरात. बरोबरच आहे की.

१२ एप्रिल, मंगळवार
बारसं. पन्नासेक बाया. घुगऱ्या कमी पडल्या. वैजयंता आली, पण तोंड फुगवून. पाळण्यात वाकली, कुर्र केलं, आणि उठून सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "अन्विता." शांभवी नाहीच. बाया माझ्याकडे बघताहेत, मी म.कडे, म. मोबाइलकडे. वैजयंताच्या पाठीत धपाटे घालायचे तेही बायांनी बेताबेतानेच घातले.

तिचा राग मला पटला. तिचा हक्क होता, तिने बजावून घेतला. माझा हक्क कुठे बजावू?

जेवणं झाल्यावर टीव्हीवर लातूरची बातमी, रेल्वेने पाणी आलं. सासरे म्हणाले, "उदगीर जिल्हा हुऊ द्या, मग बघा पान्याचं कसं हुतंय." त्यांचं मूळ गाव उदगीर, जिल्ह्याच्या समितीत आहेत, वर्षभर निवेदनं देताहेत. सासूबाई शेजारून म्हणाल्या, "लातूर उस्मानाबादेतून सुटलं तवा बी पेढे वाटले हुते तुमी. हंडा त्योच हाय." मला हसू आलं. दिवसभरात तेवढंच.

म.ला विचारलं, फ्लेक्स काढणार ना? आता नावही चूक आहे. "आता छापून झालंय गं. कुणाला काय कळतंय?"

९ मे, सोमवार. लातूर
सव्वा महिना झाला, सासरी आले. आईने निघताना बाळोत्यांचं गाठोडं दिलं, कुंकू लावून. रिक्षा गल्लीत वळली तशी समोर ती. ऊन खाऊन धबधबा पांढरा पडलाय, पोर तशीच हसतेय. घर दुकानाच्या वरच, म्हणजे जाता येता तिच्याखालूनच जायचं. खाली उभी एक बाई म्हणाली, "आली का शांभवी?"
मी म्हटलं, अन्विता. तिने फ्लेक्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. फ्लेक्सवर तिचा जास्त विश्वास.

११ मे, बुधवार
टँकर आठव्या दिवशी येतो, आला तर. पाणी ठरलेलं आहे: स्वयंपाक, पिणं, सासू-सासऱ्यांची लिंगपूजेआधीची आंघोळ, समितीच्या लोकांचा चहा. समितीच्या लोकांचा चहा यादीत आहे. अन्विताची बाळोती नाहीत.

तरी धुतली. अर्ध्या बादलीत बारा. पिळायला घेतली तर सासूबाई, "पिळू नगं. बाळुतं पिळलं की लेकरू पिळवटतंय, पोट दुखतंय." म्हणजे निथळतीच दोरीवर. गच्चीवर ठिबक ठिबक. घोट घोट मोजणाऱ्या घरात तांब्याभर पाणी फरशीला पाजायचं. मी दोरीखाली घमेलं नेऊन ठेवलं. त्यांनी ते बघितलं.

१४ मे, शनिवार
टँकर नाही. टाकीत वीतभर. म. खालून पुडा घेऊन आला आणि गादीवर टाकला. तोंड 'बघ' असं.

लावला. मीच लावला, हे इथे लिहून ठेवते. आणि सोपंही वाटलं, तेही लिहून ठेवते. दोन तास झोपले. कितीतरी दिवसांनी.

१७ मे, मंगळवार
तीन दिवस डायपरवरच. काल उन्हाने डोकं धरलेलं. सकाळी लावलेला संध्याकाळी काढला. मध्ये दोनदा हात लावून बघितला होता, वरून कोरडा. सासूबाई म्हणाल्या, "भरला कुठं अजून." म. म्हणाला, बारा तास चालतो, पुड्यावर लिहिलंय. मी ठेवला.

काढला तर मांड्या लालबुंद. जांघेत सालं निघालेली. कोमट पाण्याचा बोळा लावला तर अशी किंचाळली की सासरे पूजेवरून उठून आले.

आज डॉक्टरांकडे. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळाने बदलता?" मी खाली बघत होते. म. बोलला, "दिवसाला एक." डॉक्टर शांतच होते. म्हणाले, डायपर वाईट नाही, पण तीन-चार तासांत बदला, शी केली की लगेच. या उन्हात तर जास्तच जपा. आता बरं होईतो उघडी ठेवा, सुती कापड, हे मलम. पावडर नको.

दिवसाला एक. कुठून शिकलो आम्ही? आमच्याच दुकानावरून.

१८ मे, बुधवार
भांडण. मी म्हटलं, फ्लेक्स आज उतरव. "अगं, कंपनीचा एजंट येनार हाय बघायला." उतरव. "पान्याचं सांगून राहिलो मी लोकांला, काय वाईट केलं? बाया बिचाऱ्या कुठून आननार पानी?" हेच तर. हेच चिडवतं मला. अर्धं खरं आहे त्याचं. पाणी नाहीच. बायांनी काय करावं? पण मग चार लावा म्हण. 'दिवसभर विसरा' का म्हणतोस? तर म्हणे, "चार लावा म्हनलं तर घेईल का कुनी?"

घेतला श्वास आणि बोलायचं तेवढं बोलले. तुझ्या पोरीची कातडी निघालीय आणि तू तिला दुकानावर हसत ठेवलीयस. तो जेवण टाकून खाली गेला. जाऊ दे.

१९ मे, गुरुवार
सकाळी सासूबाईंनी न्हाणीतून हाक मारली. मोठ्या परातीत बसून आंघोळ केली होती, साबण न लावता. परात माझ्याकडे सरकवली. "पूजेचं झालं माझं. ह्याच्यात बाळुती पहिली धू, मग चांगल्या पान्यानं एकदा काढ." मी बघतच राहिले. "बघती काय, पिळू मात्र नगं."

या बाईवर चिडायचं मी ठरवलं होतं. नीट चिडूही देत नाहीत.

२१ मे, शनिवार
आज मी जे केलं ते कुणाला सांगता यायचं नाही. इथे लिहिते.

म. आत औषधं काढत होता. दुकानात गर्दी, काउंटरवर मला बसवलं. अन्विता वर, सासूबाईंजवळ. लातूरजवळच्या मुरुडची एक बाई आली. पदराने घाम पुसत फ्लेक्सकडे बोट केलं. "ही तुमचीच ना लेक? शांभवी?" मी मान हलवली. तिच्या जावेला पोरगा झालाय, पंधरा दिवसांचा. गावात हातपंपही आटला. "बाळुते धुवायचे कशानं हो? तुमी सोता लावता ना हेच? एकच पुरतंय ना दिसभर?"

सरळ विचारलं. माझ्या डोळ्यांत बघून. भोवती चार गिऱ्हाइकं, त्यातले दोन सासऱ्यांच्या समितीतले. म. आतून हात थांबवून ऐकत होता, मला दिसत होतं. चार लोकांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, एवढंच डोक्यात आलं.

"हो," म्हणाले मी.
तिने तीन पुडे घेतले. "बाईमाणूस सांगतीय म्हनल्यावर झालं," म्हणाली.

२२ मे, रविवार
सकाळपासून तेच. म.वर चिडले तेव्हा किती तोंड चाललं माझं. आणि स्वतःची वेळ आली तर एक शब्द. तोही 'हो'.
म. काल खूश होता. आइस्क्रीम आणलं. मी खाल्लं नाही, त्याला वाटतं दात दुखतोय.

तिचा नंबर आहे का विचारला. "मुरुडची हाय, एवढंच म्हाईत. का गं?" काही नाही म्हटलं. मुरुडात पंधरा दिवसांचा पोरगा असलेली घरं किती असतील? जाऊन विचारायचं का दारोदार?

अन्विताचे चट्टे बसताहेत. कडेने कोरडे, मधे अजून लाल. दिवसभर मऊ कापडावर उघडी. पाय झाडते मस्त.

२४ मे, मंगळवार
म.शी बसून बोलले, आवाज न चढवता. डॉक्टर म्हणाले ते काउंटरवर चिकटव, कागदावर, तीन-चार तास म्हणून. म्हणाला, बघतो. त्याचं 'बघतो' मला माहीत आहे. मी कागद लिहून दिला. संध्याकाळी खाली गेले तर कागद खोकल्याच्या औषधाखाली दाबलेला, पालथा.
उचलून समोर चिकटवला. रात्री शटर ओढायच्या आत निघाला होता.

२५ मे, बुधवार
जेवताना म. स्वतःहून, अगदी आनंदात: "ती मुरुडवाली हाय ना, तिचा फोन आला दुकानावर. अजून दोन पुडे काढून ठिवा म्हनली. उद्या बाजाराला येनार हाय." मग भाकरी मोडत, "पोराला जरा लाल आलंय म्हनं, पावडर बी द्या म्हनली. मोठा डबा देतो."

माझा घास तसाच राहिला हातात. सासूबाईंनी म.कडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना शनिवारचं माहीत नाही, पण काहीतरी कळलं असावं.

मी म्हटलं, उद्या मी बसते काउंटरवर.
"उन्हाचं खाली कशाला? झोप की."
बसते. अन्विताला घेऊन.
तर त्याचा चेहरा एकदम फुलला. किती दिवसांनी माझ्याकडे असं बघितलं असेल त्याने. "हां, हे बेस. फ्लेक्सखालीच घेऊन बस तिला. लोकांला दिसू दे, हीच ती म्हनून."

दिसू दे, म्हटलं मी.

सासूबाई उठून आत गेल्या, त्यांची एक मऊ धुतलेली साडी आणून माझ्याजवळ ठेवली. खाली अंथरायला. म.ने विचारलं, हे कशाला, मी नवा पुडा फोडून देतो की. मी सांगितलं, चट्टे अजून लाल आहेत, डॉक्टरांनी उघडीच ठेवायला सांगितलंय.