बूट पायातच असू द्या

बाबा,

अमेरिकेत, हर्नडनच्या आपल्या घरात बूट काढायला बंदी होती, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बाकीच्या मराठी घरांत दाराशी चपलांचा ढीग. आपल्याकडे मात्र गणपतीच्या आरतीलाही तुम्ही दारात उभं राहून म्हणायचात, ‘‘काढू नका हो, शूज पायातच असू द्या.’’ काकू मंडळी अवघडून जायची. मला तुमचा राग यायचा. साहेब व्हायची एवढी कसली हौस! मग एका हिवाळ्यात तुमचे हॉस्पिटलमधले बॉस जेवायला आले. मी दहा वर्षांची. दार उघडून ऐटीत म्हटलं, ‘‘प्लीज टेक ऑफ युअर शूज.’’ ते बिचारे हसत वाकलेही. तुम्ही मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलंत. ‘‘पुन्हा कुणाला असं सांगितलंस तर याद राख!’’ त्यानंतर आपण नीट बोललोच नाही, आणि त्याच हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना तुम्ही कोसळलात.

हॉस्पिटलमधून तुमचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घरी आले. आई ती पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि तेव्हा पहिल्यांदाच तिने मला सांगितलं. अमेरिकेच्या आधी तुम्ही इंग्लंडमधल्या एका खेड्यात डॉक्टर होतात. तिथल्या जुन्या हवेलीतून बोलावणं आलं, म्हातारी मालकीणबाई आजारी होती. चिखल तुडवत गेलात आणि कुणाच्याही घरी काढतो तसे दारात बूट काढलेत. फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर. मालकिणीच्या मुलाने पाहुण्यांना हाका मारून तो दाखवला. त्या हसण्यातून चालत जाऊन तुम्ही म्हातारीला तपासलंत. दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं बूट हातात घेऊन तुम्हाला चिडवत तुमच्यामागून अनवाणी चालायला लागली.

गेल्या वर्षी मी तिथे गेले. तुमच्या वतीने त्या दारातून बूट घालून, टाचा वाजवत आत जायचं, एवढ्यासाठीच. हवेली आता तिकीट काढून बघता येते. दाराशी बसलेली बाई गोड हसून म्हणाली, ‘‘गालिचे फार जुने आहेत, तेवढे बूट काढून ठेवाल का?’’ भिंतीशी जोडे मांडलेले होते. गोरी माणसं नुसत्या मोज्यांवर आत चालली होती, आणि कुणीही हसत नव्हतं.

मी आत गेले नाही. बाहेरच्या पायरीवर बसून खूप रडले. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. बूट काढायचे नव्हतेच, बाबा, तरी त्या सकाळी मी नवेकोरे मोजे घालून निघाले होते.