पाठीवरची सुपारी

माय, काल नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, "झोपेची मशीन लावून पाहिली का?" मी म्हणाले, "हाव, पण झेपत न्हाई." मशीन अजून कपाटात, साड्यांमागे खोक्यातच आहे. झोपेत माझा श्वास अडतो, पुन्हा पुन्हा. म्हणून नाकाला पट्टा आणि त्याला नळी. असलं सोंग घेऊन नवऱ्याशेजारी कशी झोपू? त्यापेक्षा ऑपरेशन बरं, घशातलं कुणाला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, "मशीन जमतच नसेल तर घशातली वाट मोठी करू. दुखेल पुष्कळ, आणि त्रास पूर्ण जाईलच असं नाही." मी आपली मान डोलावली.

माझ्या लग्नाची सुपारी फुटली, त्याच आठवड्यात तू दुसरी एक सुपारी माझ्या झंपराच्या पाठीला शिवायला बसलीस. लातूरचं आपलं स्वयंपाकघर, चुलीवर डाळ, आणि तू दोरा दातानं तोडते आहेस. "उताणी झालीस की टोचंल. बाईमाणसानं घोरू न्हाई. सासरचे लई नावं ठेवतेत." तेव्हापासून निजायच्या प्रत्येक झंपराला मी सुपारी शिवत आले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या महिन्यात लेकीच्या सासरी, लातूरलाच गेले होते. विहीणबाईंच्या कानी आपला आवाज जाऊ नये म्हणून रात्रभर डोळे उघडे ठेवले. सकाळी तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन बसले आणि डोळा लागला. पोर घसरली. विहीणबाईंनी वरच्यावर धरली म्हणून, नाहीतर डोकं फरशीवरच होतं. त्या रागावल्या नाहीत. "रात्री झोप न्हाई झाली का तुमची?" एवढंच म्हणाल्या. मी म्हणाले, "जागा बदलली ना." लेक माझ्याकडे बघत राहिली. मला इतकी लाज वाटली की नात पुन्हा मांडीवर मागायचं धाडस झालं नाही, आजतागायत.

आज सुपारी उसवून टाकली. डॉक्टरांना खरं सांगणार आहे. आधी मशीन, सगळ्यांदेखत. तिनं नाहीच भागलं तर मग घसा.

एक मात्र तुला कधी बोलले नाही, तू लाजली असतीस. तुझ्याही झंपराला सुपारी होती, तरी तू घोरायचीस, माय. मी लहान होते, तुझ्या कुशीत. तो आवाज सुरू झाला की मला झोप लागायची.