टोरीचं तेल

४ नोव्हेंबर, ब्रह्मपुरी
...अन् पुन्हा तेच. दादा फोनवर म्हणे, "लोकाचे बाप धुवाले गेला, आपला इथी खाटेवर पडून हाये." जसं काय मी हौसेनं आलो. बाबाले लकवा झाला तवा नर्सिंगचा कोर्स कर म्हणणारा तोच. फीसाठी मासे धरायचा डोंगा विकला तोही त्यानंच. मी मांगतलं नव्हतं. आता कोर्सवाल्याले आपल्या सिरोंच्यात काम कोण देते?

७ नोव्हें.
कोर्समधी प्लास्टिकचा बाहुला होता. त्याले सुई टोचली, पट्टी बांधली, पास. बाहुला मुतत नाई, कण्हत नाई. इथी दवाखान्यात एका म्हाताऱ्याले कुशीवर घेताना माझाच हात त्याच्याखाली अडकला. मोठ्या सिस्टर, मडावीबाई, हासल्या. "सर्टिफिकेट काढ खिशातून, त्याले सांग उचलाले."

११ नोव्हें.
खाट ५ चे बाबाजी. लकवाच. कंबरेखाली मांगं लाल डाग दिसला. घरून आणलेलं टोरीचं तेल लावून चांगलं रगडलं. आपल्याकडं काईही दुखो, मोहाच्या टोरीचं, म्हंजे बियाचं तेल. बाबाजी म्हणे, बरं वाटते. सिस्टरनं पाह्यलं अन् मनगट धरून ओढलंच. "लाल जागा रगडतेत का बे? आतलं मांस मरते! कूस बदलाची दर दोन तासानं. तिथी हात लावाचा नाई."
सगळ्या वॉर्डासमोर. त्याचं काई नाई. पण निघताना दादाले मीच सांगून आलो होतो...

१२ नोव्हें.
फोन लावला. बाबाची पाठ कशी हाये? दादा खुशीत. "दोन टाइम रगडतो, तम्मी. तू सांगतलं तसंच. एक दिवस चुकवला नाई." मंग हळूच, "पण जागा काळी पडली. वास येते."
रगडाचं नव्हतं, सांगून टाकलं. दादा म्हणे, "तू तर पास हायेस ना?"
धाकट्याले तम्मीच म्हणते तो, या वेळी नाई म्हटलं.

१३ नोव्हें.
सुट्टी मांगतली. मॅनेजर म्हणे, "नव्याले सुट्टी नाई. गेला तर येऊ नको." सिस्टरले सगळं सांगतलं. रागावल्या नाई, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "आजच सरकारी दवाखान्यात न्या म्हण. घरी काई कापाचं नाई, लावाचं नाई."

१६ नोव्हें.
दादानं नेलं. डॉक्टरनं काळं मांस काढलं. रोज ड्रेसिंग, अन् हवेची गादी घ्या म्हटलं. दोन हजाराची.
कूस कशी बदलाची ते फोनवर सांगून राह्यलो होतो. दादा मधीच, "पक्कं ना? का हेही मंग बदलशील?"
सिस्टरले विचारून आलो, मंग पुढचं सांगतलं.
खाट ५ चा डाग गेला. साफ. त्यांच्या पोरानं जाताना माझ्या हातात पन्नास रुपये कोंबले. "बापासारखं केलं तुम्ही."
पगार अजून नाई. होते ते, अन् हे पन्नास धरून गादीसाठी दादाले पाठवले, तेराशे पन्नास.